कातलेल्या लाकडी वस्तू कला-प्रदर्शनात विकायच्या आहेत? इथून सुरुवात करा

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून हत्याराने आकार देण्याच्या यंत्रावर, हात बसला की घरात वाडगे साचायला लागतात. नातेवाइकांना देऊन झाले, मित्रांच्या वाढदिवसांना देऊन झाले, आणि मग कोणीतरी म्हणतंच, "अहो, हे विका की!" हा लेख त्या टप्प्यावर पोचलेल्यांसाठी आहे. कातकाम बऱ्यापैकी जमतंय, पण स्टॉल कधी लावलेला नाही, दर कसा ठरवायचा ते ठाऊक नाही, आणि अनोळखी माणसासमोर आपल्याच वस्तूबद्दल काय बोलावं याचा संकोच वाटतो, अशांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. भेट दिलेली वस्तू आणि विकलेली वस्तू यांत फार फरक आहे. भावाला दिलेला वाडगा टेबलावर जरा डगमगला तर तो चालवून घेतो. पैसे मोजून नेलेला वाडगा मात्र तुमच्या नजरेआड, परक्याच्या घरात, वेगळ्या हवेत वर्षानुवर्षं राहणार असतो. तिथे त्याचं जे काही होईल ते तुमच्या नावावर जमा होतं. लाकूड निवडण्यापासून दर सांगण्यापर्यंत पुढचं सगळं मी याच हिशोबाने सांगणार आहे.

१. आधी गिऱ्हाईक म्हणून फिरून या

अर्ज भरण्याआधी दोन-तीन प्रदर्शनं नुसती बघून या. सगळी प्रदर्शनं एका जातीची नसतात. काही ठिकाणी निवड समिती फोटो पाहून कलाकार घेते. तिथे येणारा माणूस घरात ठेवायला चांगली वस्तू शोधतच आलेला असतो. काही ठिकाणी भाडं भरलं की कोणालाही टेबल मिळतं, आणि तुमच्या शेजारी कारखान्यातून घाऊक आणलेला माल मांडलेला असतो. मग तुमच्या वाडग्याची तुलना त्या मालाशी होते आणि ती दरापाशीच संपते. माझं मत विचाराल तर हाताने केलेल्या वस्तूंचीच अट असलेलं छोटं प्रदर्शन हे मोठ्या, सरमिसळ गर्दीपेक्षा नवख्यासाठी कितीतरी बरं.

फिरताना लोकांच्या हातांकडे बघा. परत जाणाऱ्यांच्या हातात पिशव्या दिसतात का, की सगळे नुसते हिंडतायत? कातकामाचे आणखी किती स्टॉल आहेत? त्यातले कुठल्या मापाचे वाडगे दुपारपर्यंत टेबलावरून कमी झाले? गर्दी ओसरली की एखाद्या कलाकाराला विचारा, "पुढच्या वर्षी पुन्हा याल का इथे?" उत्तर देताना तो जितका वेळ घेतो त्यातच बरंच कळतं. फक्त त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं राहिलं की चटकन बाजूला व्हा.

बरेच कारागीर असा ठोकताळा धरतात की भाड्याच्या दहापट विक्री झाली तर प्रदर्शन चांगलं झालं. पहिल्या खेपेला तेवढी होईलच असं नाही. पण भाडं किती झेपेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. जवळपास कातारींचा क्लब असेल आणि तो कुठे सामायिक टेबल लावत असेल तर पहिली विक्री तिथूनच करा. चार-पाच वस्तू ठेवा, इतरांबरोबर दिवसभर उभे राहा, आणि लोक काय उचलतात ते बघा.

२. थोड्या जाती, पण पुरेसा माल

नवख्याचा टेबल लांबूनच ओळखू येतो. एक पेन, एक वाडगा, एक फुलदाणी, एक भोवरा, एक मेणबत्तीचा स्टँड. लेथवर काय काय करता येतं याची ती यादी असते. बघणाऱ्याला मात्र हा माणूस नेमकं काय करतो ते समजत नाही. तीन, फार तर चार प्रकार निवडा आणि प्रत्येक प्रकारात निवडीला वाव राहील इतके नग करा. एकाच घडणीचे आठ वाडगे, वेगवेगळ्या लाकडांतले आणि दोन-तीन मापांतले, शेजारी शेजारी ठेवले की गिऱ्हाइकाच्या मनातला प्रश्नच बदलतो. "घ्यावं का?" याऐवजी "यातला कुठला घ्यावा?" असं तो स्वतःला विचारू लागतो.

अमेरिकी कातारी रूड ओसोल्निक (१९१५–२००१) यांचे मधे बारीक कंबर असलेले मेणबत्तीचे स्टँड प्रसिद्ध आहेत. ते त्यांनी कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा कातले. त्याच हातांनी त्यांनी संग्रहालयांत गेलेली एकेकटी भांडीही घडवली. हे दोन्ही एका माणसाच्या कामात सुखाने नांदतं. रोज विकणारी एक वस्तू हातात असली की मोठ्या कामाला धीर येतो.

मालाच्या तीन पायऱ्या धरा. खालची: पेन, भोवरा, बाटलीचं बूच. आवडलं तर आहे पण जास्त खर्च करायचा नाही, अशांसाठी ही. मधली: झाकणाची डबी, हातात मावणारा वाडगा, मिरपुडीची गिरणी. बहुतेक प्रदर्शनांत खरी कमाई या पायरीवर होते. वरची: मोठा वाडगा किंवा गाठीच्या लाकडाची पोकळ फुलदाणी. या पायरीवरच्या दोनच वस्तू पुरतात. त्या लोकांना थांबवतात, आणि थांबलेला माणूस मधल्या पायरीवरचं काहीतरी घेऊन जातो. खालच्या पायरीने टेबलाची पुढची कड भरून टाकू नका, नाहीतर मागचा वाडगा कोणाला दिसणारच नाही.

जोड्यांची सवय लावून घ्या. दोन स्टँड किंवा चार छोटे वाडगे हुबेहूब सारखे कातणं अवघड असतं आणि लोकांना ते जाणवतं. पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा साचा कापून घ्या, जाड-बारीक जागांची मापं त्यावरच लिहा आणि कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) त्या मापांना लावून काम करा. नुसत्या डोळ्यांवर विसंबलात तर जोडी टेबलावर शेजारी ठेवल्याबरोबर उघडी पडते.

३. लाकूड खरंच वाळलंय का?

या पायरीवर घाई केली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात, म्हणून इथे जरा थांबू.

ताज्या लाकडात पाणी दोन जागी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी उडून गेलं तरी लाकडाचा आकार बदलत नाही, ते फक्त हलकं होतं. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि लाकूड आकसायला सुरुवात होते. तेही सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. वलयांच्या वळणाने होणारं आकुंचन हे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असतं, आणि खोडाच्या लांबीत ते जवळजवळ नसतंच. म्हणून ओल्या ओंडक्यातून कातलेला गोल वाडगा वाळल्यावर लांबट होतो, आणि खोडाचा अगदी मधला बिंदू त्यात राहिला असेल तर तडा बहुतेक तिथूनच निघतो. ओंडका उभा चिरताना तो मधला भाग काढूनच टाका.

विकायच्या वाडग्यांसाठी दोनदा कातण्याची पद्धत धरा. पहिल्यांदा ओलं असताना जाड भिंत ठेवून कातायचं. भिंत व्यासाच्या एक दशांश असावी, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या वाडग्याला अडीच सेंटिमीटर. तो वाळून वेडावाकडा होतो, मग पुन्हा चकवर (लेथवर वस्तू पकडणाऱ्या जबड्यांत) धरून शेवटच्या आकाराला आणायचा. वाळवताना लाकडाच्या शिरांची (तंतूंची) टोकं जिथे उघडी पडतात तिथे मेण लावा, वाडगा कागदी पिशवीत ठेवा आणि वाऱ्यापासून व उन्हापासून दूर ठेवा. त्यावर तारीख आणि वजन पेन्सिलने लिहा. दर आठवड्याला वजन करा. सलग काही आठवडे काटा जागचा हलला नाही म्हणजे वाडगा तुमच्या हवेशी जुळला. फळ्या नुसत्या हवेवर वाळवायच्या तर जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना अंदाज आहे. लाकूड आणि हवामान बदललं की तो मागेपुढे होतो, म्हणून शंका असेल तिथे ओलावामापक लावून बघा.

झाकणाच्या डब्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. झाकण काढताना "पॉक" असा आवाज यावा इतकं घट्ट बसवण्यात आपल्याला कौशल्य वाटतं. पण विकत घेणाऱ्याला डबी दोन बोटांनी उघडायची असते. शिवाय हवेत दमटपणा आला की डबी आणि झाकण दोन्ही किंचित लांबट होतात आणि तीच घट्ट डबी अडकून बसते. डबीसाठी शिरा उभ्या, म्हणजे लेथच्या अक्षाला समांतर ठेवा. तोंडाचा आकार त्यामुळे कमी बदलतो. आतून कच्चं कोरून तुकडे काही आठवडे तसेच राहू द्या, मगच तोंड बसवा, आणि बसवताना थोडी सैल ठेवा. झाकण कुठल्याही बाजूने फिरवून ठेवलं तरी आपल्या वजनाने खाली बसावं, एवढी सैल.

लाकूड कुठून आलं याची नोंद ठेवा. वादळात पडलेलं झाड, कोणाच्या अंगणातली छाटणी, सुतारकामातून उरलेले तुकडे, हे सगळं चांगलं आणि सांगण्यासारखं. शिसवीच्या कुळातल्या, म्हणजे डाल्बर्जिया प्रजातीच्या लाकडांबाबत मात्र जपून राहा. २ जानेवारी २०१७ पासून ही संपूर्ण प्रजाती साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि तिच्या वस्तू देशाबाहेर नेताना कागदपत्रं लागू शकतात. प्रदर्शनाला परदेशातून आलेली माणसंही येतात. त्यांना हे विकतानाच सांगा, विमानतळावर कळू देऊ नका.

४. घासणं, फिनिश आणि तळ

वाडग्यावर ओरखडे राहतात ते बहुधा दोन ठरलेल्या जागी: आतल्या भिंतीवर समोरासमोर, जिथे हत्यार शिरांच्या टोकांवर उलटं चालतं. कार्यशाळेतल्या वरच्या दिव्यात ते दिसत नाहीत. एक दिवा कडेने, जवळजवळ आडवा धरा. उपटलेल्या शिरांचा खरखरीत पट्टा लगेच दिसेल. तो सँडपेपरने दाबून घालवण्यापेक्षा गाऊजला (कातायच्या पन्हाळी पटाशीला) ताजी धार लावून एक हलका हात फिरवणं कमी वेळाचं आणि जास्त चांगलं. मग ८० किंवा १२० पासून १८०, २४०, ३२०, ४०० असं क्रमाने जा, मधला नंबर गाळू नका. प्रत्येक नंबरानंतर धूळ पुसून घ्या, कारण जाड कागदाचा एक सुटा कण पुढच्या कागदाखाली राहिला तरी नवा ओरखडा उठतो. मास्क न चुकता लावा. लाकडाची धूळ ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणारी म्हणून नोंदवलेली आहे.

फिनिश निवडताना ती वस्तू त्या घरात कशासाठी वापरली जाईल याचा विचार करा. जवसाचं, टंग किंवा अक्रोडाचं तेल हवेशी संयोग होऊन लाकडात घट्ट होतं. मिनरल ऑइल कधीच सुकत नाही. ते धुपतं आणि वापरणाऱ्याला पुन्हा लावावं लागतं. अक्रोडाचं तेल वापरलं असेल तर चिठ्ठीवर लिहा, कारण काहींना सुक्या मेव्याची ॲलर्जी असते. चपडा लाखेचं पॉलिश सुंदर चमकतं, डब्यांना आणि भोवऱ्यांना छान शोभतं, पण गरम किंवा ओलं भांडं टेकलं की त्यावर पांढरे डाग उठतात. म्हणून वापराच्या वाडग्यांना ते नको. वाळणारी तेलं आणि वार्निश पूर्ण पक्कं व्हायला आठवडे लागतात, महिना धरून चाला. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री हात मारलेला वाडगा वासावरून ओळखू येतो, आणि नाकाजवळ नेऊन बघणारे लोक खूप असतात. आणखी एक: तेलाचे बोळे चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा वाळताना आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. तो उघड्यावर पसरून वाळवा.

आता तळ. माणूस वाडगा उचलतो, आतून बोटं फिरवतो आणि मग उलटा करतो. जवळजवळ प्रत्येक जण उलटा करतो. तिथे चकच्या जबड्यांचे ठसे, स्क्रूची भोकं किंवा न घासलेली वर्तुळं दिसली की आत केलेली सगळी मेहनत फिकी पडते. वाडगा उलटा धरून तळ कातून घ्या. मधे किंचित खोलगट ठेवा म्हणजे वाडगा फक्त कडेच्या वर्तुळावर टेकतो आणि पुढे लाकूड थोडं हललं तरी डगमगत नाही. मग लाकूड जाळून अक्षरं उमटवणाऱ्या पेनने किंवा न पुसणाऱ्या शाईच्या बारीक पेनने लाकडाचं नाव, वर्ष, तुमची सही आणि एक क्रमांक लिहा. हा क्रमांक वहीतल्या नोंदीशी जुळायला हवा. त्याचा उपयोग शेवटी सांगतो.

५. दर

नवखी माणसं सगळ्यात जास्त इथे अडखळतात आणि बहुतेक जण कमीच दर लावतात. हिशोब साधा आहे: साहित्य, तुमचा वेळ, वरखर्च आणि विक्रीचा खर्च. अवघड भाग हा की वेळ प्रामाणिकपणे मोजला जात नाही. लेथ चालू असतानाचा वेळच धरला जातो. ओंडका चिरणं, कच्चा कातणं, मेण लावणं, वजनं घेणं, दुसऱ्यांदा कातणं, घासणं, फिनिशचे तीन हात, फोटो, चिठ्ठी, हे सगळं त्याच वाडग्याचं काम आहे. एकदा पाच वाडग्यांची तुकडी घ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे तास लिहा आणि पाचाने भागा. आकडा बघून आश्चर्य वाटेल.

वरखर्चात सँडपेपर, धारेचं चाक, वीज, मास्कचे फिल्टर, झिजलेली हत्यारं आणि फुकट गेलेले वाडगे येतात. विक्रीच्या खर्चात भाडं, प्रवास, पिशव्या आणि तुम्ही उभे राहिलेले दिवस येतात. हे सगळं धरून जो आकडा येईल त्याच्या खाली जाऊ नका. तुमचा हात अजून संथ असेल आणि इतरांना दोन तासांत जमणारं काम तुम्हाला पाच तास घेत असेल, तर जास्तीचे तीन तास शिकण्याच्या खात्यावर टाका. ते गिऱ्हाइकाकडून वसूल होत नाहीत. पण म्हणून तासाचा मोबदला शून्य धरणं हाही अन्याय आहे. तो तुमच्यावर तर होतोच, शेजारी उभ्या असलेल्या आणि याच कामावर घर चालवणाऱ्या कातारीवरही होतो.

पुढे कधी कलादालनातून विकायची इच्छा असेल तर आत्ताच विचार करा. दालनं विक्रीच्या ४० ते ५० टक्के स्वतःकडे ठेवतात, आणि तुमच्या वस्तूचा दर दालनात आणि प्रदर्शनात सारखाच असावा अशी त्यांची रास्त अपेक्षा असते. आज इतका कमी दर लावलात की अर्धा गेल्यावर काहीच उरणार नाही, तर तो रस्ता बंद होतो. दर हळूहळू वाढवता येतो, पण आधीच्या गिऱ्हाइकांसमोर एकदम दुप्पट करता येत नाही.

सारख्या मापाच्या आणि सारख्या लाकडाच्या वस्तूंचा दर सारखा ठेवा. व्यास आणि उंचीचा गुणाकार करून त्याला ठरावीक आकड्याने गुणणं ही कातारींमधली चालू युक्ती आहे. दुर्मीळ किंवा देखण्या रेषांच्या लाकडाला तो आकडा थोडा वर न्यायचा. एखादा वाडगा तुम्हाला फार आवडतो म्हणून त्याचा दर शेजारच्यापेक्षा तिप्पट ठेवलात, तर लोक कारण विचारतील आणि तुमच्यापाशी ते नसेल. इतका आवडत असेल तर घरीच ठेवा.

दर प्रत्येक वस्तूवर लिहिलेला हवा. किंमत विचारायची अनेकांना भीड वाटते, ते वस्तू खाली ठेवतात आणि निघून जातात. चिकट लेबल तेलाच्या फिनिशवर डाग सोडतं, त्यामुळे दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी किंवा आत ठेवलेलं छोटं कार्ड बरं. कोणी घासाघीस केली तर हसून सांगा की दर हाच आहे. दोन-तीन वस्तू एकदम घेणाऱ्याला थोडी सूट देणं वेगळं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी दर पाडू नका, नाहीतर पुढच्या वर्षी लोक त्याच वेळी येतील.

६. अर्ज आणि फोटो

समितीच्या प्रदर्शनात तुमच्याआधी तुमचे फोटो पोचतात. साधी राखाडी पार्श्वभूमी, खिडकीतून बाजूने येणारा मऊ उजेड, आणि एका फोटोत एकच वस्तू. सगळ्या फोटोंतल्या वस्तू एकाच हाताच्या वाटल्या पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी मांडलेल्या स्टॉलचाही फोटो मागतात. कधी लावलेला नसेल तर अंगणात किंवा गच्चीवर पूर्ण मांडून तो काढा. तंबूचं माप, वीज मिळते का, किती वाजेपर्यंत मांडायचं, विमा लागतो का, हे नियमांच्या कागदात असतं. तो दोनदा वाचा.

७. स्टॉल मांडणं

उघड्यावरच्या प्रदर्शनात साधारण तीन मीटर बाय तीन मीटरचा तंबू असतो. त्याच्या प्रत्येक पायाला वजन बांधा, पायाला वीसेक किलो तरी. वाऱ्याने तंबू उचलला तर तुमच्या वस्तूंबरोबर शेजारच्याची काच-मातीची कामंही जातात.

घडीच्या टेबलांची उंची पाऊण मीटरच्या आसपास असते. लाकडी वस्तूंसाठी ती कमी पडते, बघणाऱ्याला वाकावं लागतं. पायांत प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे घालून टेबल ९० सेंटिमीटरपर्यंत वर घ्या. त्यावर दोन-तीन उंच-सखल ठोकळे ठेवा, म्हणजे मागच्या वस्तूही दिसतील. कापड एकरंगी, गडद किंवा राखाडी, जमिनीपर्यंत टेकणारं. नक्षीचं कापड आणि लाकडाच्या रेषा एकमेकींशी भांडतात. लाकडी फळ्यांवर लाकडी वाडगेही हरवून जातात. वस्तूंमध्ये एवढी जागा सोडा की एक उचलताना दुसरीला धक्का लागणार नाही.

बंद सभागृहात दिवे स्वतःचे न्या. उबदार उजेडाचे, साधारण ३००० केल्विनचे आणि रंग नीट दाखवणारे, म्हणजे खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेले दिवे घ्या. थंड पांढऱ्या उजेडात उत्तम लाकूडही फिकट आणि मेलेलं दिसतं.

ऊन हा वेगळा शत्रू आहे. पातळ भिंतीचा वाडगा थेट उन्हात राहिला तर दिवसाअखेर वाकू शकतो. सकाळी सावलीत असलेलं टेबल दुपारी कुठे असेल ते मांडण्याआधीच बघा. बंद गाडीत माल ठेवू नका.

आणि एक छोटी पाटी लावाच: "हात लावून बघा." लहानपणापासून प्रदर्शनात "हात लावू नका" ऐकलेलं असतं, म्हणून लोक मागे हात बांधून उभे राहतात. लाकूड मात्र डोळ्यांपेक्षा हाताला जास्त पटतं. भोवऱ्यांपाशी एक सपाट ताटली ठेवा. मुलं फिरवत बसतील आणि त्यांचे आईवडील तेवढा वेळ वाडगे बघतील.

लेथ लावून प्रात्यक्षिक करायचा मोह होतो. आयोजकांची परवानगी, संरक्षक पडदा, उडणारी धूळ आणि विमा या चारही गोष्टी पक्क्या असतील तरच करा. शिवाय कातताना तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलू शकत नाही. त्यापेक्षा एकाच झाडाचे तीन तुकडे टेबलाच्या कडेला ठेवा: सालीसकट ओंडक्याचा काप, कच्चा कातलेला वेडावाकडा वाडगा आणि पूर्ण झालेला वाडगा. या तिघांकडे बघून लोक स्वतःहून प्रश्न विचारतात, आणि दर का तेवढा आहे हे तुम्हाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

८. गिऱ्हाइकाशी बोलणं

टेबलामागे खुर्चीत बसून फोन बघू नका. शक्यतो टेबलाच्या बाजूला उभे राहा. कोणी आलं की नमस्कार करा आणि त्यांना बघू द्या. वस्तू हातात घेतली की मग एक वाक्य बोला, आणि तेही त्या वस्तूबद्दलच: "हे चेरीचं लाकूड आहे, काळाबरोबर आणखी लाल होत जाईल." समोरच्याला आवड असेल तर तो पुढे विचारतो, नसेल तर तुम्ही त्याला अडकवलेलं नसतं.

काही प्रश्न हमखास येतात. "यात खायचं ठेवता येईल का?" याला मोघम "हो" म्हणू नका. कुठलं फिनिश आहे, ते पक्कं झालं आहे का, कोरडं चालेल की ओलं, हे सांगा. धुवायचं तर हाताने, लगेच पुसून. डिशवॉशर, मायक्रोवेव्ह आणि पाण्यात भिजवून ठेवणं तिन्ही वर्ज्य. हेच छापलेलं एक कार्ड प्रत्येक वस्तूबरोबर द्या, त्यावर तुमचं नाव आणि संपर्कही घाला. "मशीनवर केलंय ना?" हा प्रश्न टोचतो, पण तो बहुधा अजाणतेपणी येतो. लेथ फक्त लाकूड फिरवतो आणि आकार हातातल्या हत्याराने येतो, एवढं शांतपणे सांगितलं की पुरतं. "हे मलाही जमेल" म्हणणाऱ्याला क्लबचा पत्ता द्या. खरंच शिकला तर कातारी वाढला, आणि नाही शिकला तर पुढच्या वेळी वाडगा घ्यायला येतो.

आपल्या कामातल्या बारीक खोड्या स्वतःहून दाखवू नका. "इथे वळण जरा हुकलंय" हे फक्त तुम्हालाच दिसतं. मात्र चीर भरलेली असेल, तडा राळेने जोडलेला असेल, तर ते विचारण्याआधी सांगा. पहिली गोष्ट तुमच्या चोखंदळपणाची आहे. दुसरी मात्र घेणाऱ्याच्या हक्काची.

९. पैसे, पावती, वही

कार्ड आणि फोनवरून पैसे घेण्याची सोय करा, आणि जागेवर नेटवर्क मिळतं का ते आदल्या दिवशी तपासा. सुटे पैसे न्या. विक्रीवर कर किंवा नोंदणी लागू होते का हे तुमच्या भागातल्या नियमांत आधीच बघून ठेवा. बांधायला मऊ कागद आणि मजबूत पिशव्या हव्यात. बुडबुड्यांचं प्लॅस्टिक ताज्या फिनिशवर ठिपके उमटवतं, म्हणून आत आधी कागद गुंडाळा.

मागणीवर काम घेताना माप, लाकूड, फिनिश, दर आणि तारीख कागदावर लिहा. निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि तारीख लांबचीच द्या, कारण लाकूड आपल्या वेळेने वाळतं. एकमेकांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे वाडगे असू शकतात, म्हणून टेबलावरच्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून "यासारखा, पण एवढा मोठा" असं ठरवून घ्या.

रोज संध्याकाळी वहीत लिहा: कोणता क्रमांक गेला, कोणत्या दराला गेला, आणि कुठली वस्तू अनेकांनी उचलून खाली ठेवली. उचलून खाली ठेवलेल्या वस्तूंची यादी पुढच्या हंगामाला फार उपयोगी पडते. दर जास्त होता, वजन जास्त होतं की वापर कळत नव्हता, याचा छडा त्यातून लागतो.

कधी ना कधी कोणी तडा गेलेला वाडगा घेऊन परत येईल. वाद घालू नका. बदलून द्या किंवा पैसे परत करा. मग तळावरचा क्रमांक वहीत शोधा: कुठल्या ओंडक्यातला होता, किती वाळला होता, आणि त्याच ओंडक्यातले आणखी कोणते वाडगे टेबलावर आहेत. ते आधी बाजूला काढा आणि पुन्हा वजनकाट्यावर ठेवा.